नामदेव अण्णांचं अनुमोदन

"माझं अनुमोदन!" नामदेव अण्णा ओरडले, आणि माझ्या हातातला खडू खाली पडला.

कँटीनभर टाळ्या. कुणीतरी शिट्टीही मारली. लेबर ऑफिसर साळुंके साहेब उठून म्हणाले, "ठराव सर्वानुमते मंजूर." तेवढ्यात जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. लोकांनी भाकरीची फडकी झटकली आणि आपापल्या खात्याकडं निघाले. मी फळ्याजवळ तशीच उभी. फळ्यावर माझ्याच वळणदार अक्षरात प्रश्न लिहिला होता : 'रोग्याला त्याचा आजार सांगावा काय?'

ठराव झाला होता, 'सांगू नये'. त्याला अनुमोदन दिलं होतं खुद्द रोग्यानं. रोगी आपणच आहोत हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं. त्याच्या बायकोला होतं. आणि ठराव मांडला होता त्या बायकोनंच.

हा गुंता मी कसा करून ठेवला, ते सांगायचं तर जरा मागं जावं लागेल.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात मी डॉक्टर होते. कारखान्याचं नाव सांगत नाही. सांगितलं तर अजून हयात असलेले दोघेतिघे माझ्या निषेधाचा ठराव करतील. त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. निम्मा ऊस उभ्यानं वाळला, उरलेला जनावरांच्या पोटात गेला. गाळप, म्हणजे ऊस चिरडून साखर करायचा हंगाम, होळीपर्यंत चालायचा तो संक्रांतीलाच आटपला. हंगामी कामगार खडी फोडायला रोजगार हमीवर गेले. कायम नोकरीवाले तेवढे राहिले. ते सकाळी यंत्रं उघडून ग्रीस लावायचे, दुपारी मिटायचे आणि मधल्या वेळात पत्ते खेळायचे.

चेअरमन साहेबांनी मला बोलावलं.

"बाई, पत्त्यावरनं डोकी फुटायची पाळी आलीय. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही काहीतरी बोला लोकांशी."

"कशावर बोलू?"

"तुम्ही डॉक्टर. आमांशावर बोला."

आता तेव्हाची मी कशी होते ते ऐका. अंगानं काडी, तोंडानं तोफ. नाकावर बशीएवढ्या काचांचा चष्मा. पुण्याला एका शिबिराला जाऊन आले होते आणि तिथं मेडिकल एथिक्स नावाचं नवं खूळ डोक्यात भरून घेतलं होतं. एथिक्स म्हणजे, डॉक्टरला काय करता येतं याचा नव्हे, तर त्यानं काय करावं याचा विचार. रोग्याला खरं सांगावं का, त्याला विचारल्याशिवाय कापावं का, औषध एक आणि रोगी दोन असले तर ते कुणाला द्यावं, असले प्रश्न. हे सगळं चोरलेल्या खाऊसारखं मी आत दडवून फिरत होते, ऐकायला कुणी मिळत नव्हतं. इथं तर फुकटचं अख्खं कँटीन चालून आलेलं.

"साहेब, मी 'वैद्यक आणि माणूस' अशी व्याख्यानमाला घेते," मी म्हणाले.

"त्यात आमांश असंल ना?"

"असेल."

नव्हता.

पहिल्या व्याख्यानाला मी 'रोग्याची स्वायत्तता' हा शब्द इतक्या वेळा वापरला की साळुंके साहेब अस्वस्थ झाले. व्याख्यान झाल्यावर हळूच म्हणाले, "बाई, हे युनियनचं तर काही नाही ना?" लोक मात्र शांत होते. नंतर कळलं, लोक जेवत होते.

दुसऱ्या व्याख्यानाला मी शहाणी झाले. प्रश्न टाकायचे, उत्तर लोकांकडून काढायचं, असं ठरवलं. "समजा," मी म्हटलं, "सलाईनची बाटली एकच आहे. रोगी दोन आहेत. कुणाला द्याल?"

जरा कुजबुज झाली. मग बॉयलरवरचे एक काका उभे राहिले. "जो सभासद हाय त्याला."

"दोघंही सभासद असतील तर?"

"ज्याचा शेर जुना त्याला."

"मी सूचना मांडतो," दुसरा कोणीतरी म्हणाला. आणि मागून खणखणीत आवाज आला, "माझं अनुमोदन!"

इथं सहकाराची एक रीत सांगायला हवी. सभेत एकजण ठराव मांडतो, तो सूचक. दुसरा म्हणतो मलाही हे मान्य आहे, तो अनुमोदक. दोघं मिळाले की ठराव होतो. आमच्याकडं लोकांना ही सवय इतकी लागली होती की सतरंजी अंथरलेली दिसली की ठराव झाल्याशिवाय ती गुंडाळायची नाही. सलाईन जुन्या सभासदाला द्यावं, हा ठराव त्या दिवशी रीतसर मंजूर झाला. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. मी उलट हरखले. वा, म्हटलं, काय सहभाग आहे!

ते अनुमोदन देणारे म्हणजे नामदेव अण्णा. पन्नाशीचे, पण हुद्दा स्लिपबॉय. शेतकऱ्याच्या उसाची तोड कधी, ती चिठ्ठी सायकलवरून गावोगाव पोचवायची, हे त्यांचं काम. चिठ्ठी हातात पडल्याशिवाय ऊस तोडता यायचा नाही, त्यामुळं पंचक्रोशीत अण्णांना चहा पाजणारे पुष्कळ. पण त्यांची खरी कीर्ती वेगळी. कारखान्याच्या प्रत्येक सर्वसाधारण सभेत अनुमोदक तेच. कुणी नेमलं होतं म्हणून नव्हे. पहिल्या सभेला कुणी बोलेना म्हणून त्यांनी हात वर केला, तो वरच राहिला. ठराव पुरता वाचून व्हायच्या आत त्यांचं अनुमोदन यायचं. चेअरमन साहेब म्हणायचे, "नामदेव आहे तोवर सभा वेळेत सुटते आणि जेवण गरम मिळतं."

तर या अण्णांच्या जिभेच्या कडेला एक फोड आला होता. गालात कायम तंबाखूची गोळी. मी जांभळं औषध लावलं, व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. फोड हटेना. कडा कडक लागायला लागल्या तेव्हा मला संशय आला. त्यांना कारखान्याच्या जीपमधून सोलापूरला पाठवलं आणि बायोप्सी करवली. बायोप्सी म्हणजे दुखऱ्या जागेचा चिमटाभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. अण्णा परत येऊन सगळ्यांना सांगत सुटले, "जिभंचा नमुना घेतलाय माझ्या. उसाचा घेत्यात तसा. साखरंचा उतारा किती पडतोय बघायला."

निकाल सर्जननी ट्रंक कॉलवर सांगितला. कॅन्सर. "आत्ता आणलंत तर जिभेचा थोडा भाग काढून माणूस वाचेल," ते ओरडून म्हणाले, कारण ट्रंक कॉलवर सगळेच ओरडायचे. "पावसाळ्यापर्यंत थांबलात तर मी काही सांगू शकत नाही."

तेव्हाची पद्धत अशी की असं काही निघालं की आधी घरच्यांना सांगायचं. मी अण्णांच्या बायकोला, शेवंता वहिनींना, दवाखान्यात बोलावलं. त्या कारखान्याच्या कँटीनमध्येच भाकरी करायला होत्या. हाताला पीठ तसंच होतं. त्यांनी सगळं ऐकलं, आणि माझ्या पदराचं टोक त्या पिठाच्या हातानं गच्च धरलं.

"बाई, ह्यांला सांगायचं न्हाय."

"अहो पण ऑपरेशन..."

"गळू हाय म्हना."

"गळू म्हणून जीभ कापायची?"

"माझ्या थोरल्या दिराला असंच झालं हुतं. तिथल्या डाक्टरनं तोंडावर सांगितलं. घरी आले, भितीकडं तोंड करून निजले. पुन्हा इकडं वळले न्हाईत. ह्ये बी त्याच आईचे हायेत, बाई. वचन द्या."

मी वचन दिलं. पुण्याच्या शिबिरात पदर धरणाऱ्या बाईचं काय करायचं ते शिकवलं नव्हतं.

आता माझी पंचाईत बघा. न सांगावं तर अण्णा सोलापूरला यायला तयार नाहीत. "उष्णता हाय, बाई. एक सर पडली की जाईल," म्हणायचे. त्या वर्षी सर पडणार कधी? सांगावं तर वचन मोडतं. शिवाय वहिनी म्हणत होत्या ते खोटं आहे असंही मला म्हणता येईना. शिबिराच्या पोथीत लिहिलं होतं, रोग्याला सत्य जाणण्याचा अधिकार आहे. त्या थोरल्या दिरालाही होताच की.

मग मला युक्ती सुचली. माझ्या नातीला मी नेहमी सांगते, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी सुचलेली युक्ती एक रात्र उशाखाली ठेवावी. मी ठेवली नाही. तिसऱ्या व्याख्यानाला हाच प्रश्न टाकायचा. लोक म्हणतील, सांगावं. इतकी माणसं सांगा म्हणतात हे वहिनी स्वतःच्या कानांनी ऐकतील आणि विरघळतील. वचन न मोडता काम होईल. आजार बदलायचा, पोटातला करायचा. कुणाला ओळखू येणार नाही. आहे की नाही हुशारी?

"समजा," मी कँटीनमध्ये म्हटलं, "एक माणूस आहे. कारखान्यातच काम करतो. पन्नाशीचा. त्याच्या पोटात वाईट आजार आहे. त्याला सांगावं की सांगू नये?"

कोणी घास घेईना. हे मला फार आवडलं. तेवढ्यात चुलीकडच्या बाजूनं वहिनी उभ्या राहिल्या. कँटीनमधल्या बायकांपैकी कुणी सभेत बोललेलं आजवर कोणी ऐकलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाल्या, "सांगू नये. सांगितल्यानं मानूस आजाराच्या आधी मरतो. सांगू नये, अशी माझी सूचना हाय."

आणि अण्णांची छाती अशी फुगली! बायको सभेत बोलली. त्यांनी वाक्य संपायची वाट बघितली असेल नसेल. हात वर. "माझं अनुमोदन!"

खडू पडला तो इथं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यासमोर ही रांग. कारखान्यातले झाडून सगळे पन्नाशीचे पुरुष. मी 'समजा' म्हटलं होतं, पण ते कुणी समजायला तयार नव्हतं. बाईनं उगाच कशाला सांगितलं असतं? कोण तरी असणारच. पहिले आले बॉयलरवाले काका.

"बाई, त्यो मी हाय का?"

"कोण?"

"पोटवाला."

"नाही हो. तुम्ही नाही."

"खरं सांगताय का ठरावापरमानं सांगताय?"

या प्रश्नाला पुण्याच्या प्राध्यापकांकडंही उत्तर नसेल. मी शपथ घेतली. ते गेले, दुसरे आले. त्यांनाही शपथ. एकानं तर सांगितलं, "माझ्या बायकोला इचारलं, ती रडाय लागली. म्हंजे मीच." त्याच्या बायकोला बोलावून विचारलं, तर ती म्हणाली, "ह्येंनी घरात येऊन 'मी मरनार हाय का' असं इचारलं, मग रडू न्हाई तर काय करू?" दुपारी साळुंके साहेब आले. "सहज आलो," म्हणाले. जरा वेळानं, "मला मधूनमधून जळजळतं."

आणि दारात अण्णा उभे. रांगेत नव्हे, रांग हटवायला.

"आरं ठराव झालाय न्हवं? सांगू नये म्हनून? मंग इचारता कशाला? अनुमोदन मी दिलंय, मी हितनं एकालाबी आत सोडनार न्हाय!" मग माझ्याकडं वळून, फोडाची बाजू जपत, हसून म्हणाले, "लई भित्री मानसं हायेत, बाई. आमच्या घरी बघा. एवढा दुष्काळ, पन बायको मला रोज गव्हाचा शिरा करून घालती. आनंदात ऱ्हायला पायजे मानसानं."

माझे कंपाउंडर मोमीन चाचा बाटल्या पुसत होते. अण्णा गेल्यावर म्हणाले, "बाई, तुम्ही सगळ्यांना न्हाय म्हनालात."

"मग?"

"आता न्हाय कुनाला म्हनायचं ऱ्हायलंय?"

पन्नाशीचा एकच माणूस उरला होता, आणि तो माझ्याच दारात पहारा करून गेला होता.

मी साळुंके साहेबांकडं गेले. म्हटलं, काही नाही तरी तो ठराव तरी पुसून टाकावा.

"साहेब, ठराव रद्द कसा करतात?"

"तसा होत नाही."

"अहो, व्याख्यान होतं ते! सभा नव्हती."

"अध्यक्ष होता, सूचक होता, अनुमोदक होता. अजून सभेला काय शिंगं असतात?" त्यांनी जळजळीची गोळी पाण्याबरोबर घेतली. "एक करता येईल. सूचकानं किंवा अनुमोदकानं माघार घेतली तर ठराव पडतो."

सूचक म्हणजे वहिनी. मी कँटीनमध्ये गेले. त्या परातीसमोर बसून भाकरी थापत होत्या.

"वहिनी, तुमची सूचना मागं घ्या."

"सगळ्या कारखान्यानं टाळ्या वाजिवल्या. तुमी येकल्याच शान्या व्हय?"

"ऑपरेशन झालं नाही तर माणूस हातचा जाईल."

"आन सांगून त्यांनी भितीकडं तोंड केलं तर? तवा तुमी काय करताल? भित पाडताल?" भाकरी तव्यावर गेली. "मी येरमाळ्याच्या येडाईला नवस बोलले हाय. ती बघंल."

मी तव्यावरची भाकरी उलटून दिली आणि निघाले.

उरला अनुमोदक. आणि इथं माझ्या हुशारीनं कळस गाठला. मी स्वतःशी म्हटलं, अण्णांना आजाराबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. फक्त अनुमोदन मागं घ्यायला लावायचं. ठराव पडला की वहिनींचं बळ जाईल. वचनही शाबूत. असं सरळसोट माझ्या डोक्यात होतं, आणि डोकं रिकामं असल्यामुळं ते आत छान सरळ राहिलंही.

अण्णा गाडीतळावर होते. हंगामात जिथं उसाच्या बैलगाड्यांना उभं राहायला जागा नसायची, तिथं नुसतं रान मोकळं. एका लिंबाखाली सायकल स्टँडला लावून ते चेन पुसत बसले होते. वाटायला चिठ्ठी नव्हती, तरी सायकल लखलखीत.

"अण्णा, एक विनंती होती."

"बोला, बाई."

"त्या ठरावाचं अनुमोदन तुम्ही मागं घ्या."

त्यांनी चेन सोडली. "मागं? आजपातुर म्या कवाच मागं घेतलं न्हाय."

"या वेळी घ्या."

"का?"

"चुकीचा झाला तो ठराव."

"मंग सूचकाला सांगा. सूचना तिची हाय."

"त्यांना विचारलं. त्या नाही म्हणतात."

"मंग साळुंके सायबांला सांगा. न्हाईतर बॉयलरवाल्यांला उभं करा इरोध करायला. माझंच का?"

मी चष्मा काढला, पुसला, घातला. अण्णा माझ्याकडं बघत राहिले. त्यांची जीभ गालाच्या आत फोडाच्या बाजूला फिरताना मला दिसली.

"बाई," ते हळू म्हणाले, "सगळ्यांला तुमी न्हाय म्हनलं. मी दारात हुतो, ऐकत हुतो. मला न्हाय म्हनलं न्हाई."

"तुम्ही विचारलंच नाही."

"आता इचारतो. सोलापूरला जिभंचा नमुना गेलता, त्येचं काय झालं?"

माझ्या आयुष्यातलं सर्वांत मोठं मेडिकल एथिक्स तिथं लिंबाखाली उभं होतं, आणि मी काय बोलले असेन? मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही आधी अनुमोदन मागं घ्या. मग सांगते."

हसू नका. मला दुसरं काही सुचलंच नाही. 'सांगू नये' असा ठराव उभा होता, त्यावर त्यांचं नाव होतं.

अण्णांनी हाताचं तेल धोतराला पुसलं. मग म्हणाले, "घेतलं."

मी सांगितलं. सगळं, सरळ. आजाराचं नाव, जिभेचा किती भाग जाईल, पावसाळ्याची मुदत. ते भिंतीकडं वळतील अशी मला धास्ती होती. गाडीतळावर भिंत नव्हती, हे एक बरं होतं.

"खाता येईल?"

"आधी पातळ. मग हळूहळू सगळं."

"बोलता?"

"येईल. जरा जड येईल."

"शेवंतीला ठाव हाय?"

"हो."

"कवापासनं?"

"निकाल आला त्या दिवसापासनं."

ते एकदम माझ्याकडं वळले. "म्हनून रोज शिरा व्हय!" आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते शिऱ्यामुळं का आजारामुळं, मला कळलं नाही. पुसून झाल्यावर म्हणाले, "मी येतो सोलापूरला. पन तिला सांगू नका मला कळलंय म्हनून."

"अहो, का?"

"ती माझ्यासाठी एवढं खोटं बोलतीय. तिला वाटंल वाया गेलं. तिला लई लागंल, बाई. वचन द्या."

मी दिलं. म्हणजे आता माझ्याकडं दोन वचनं झाली. एक, त्यांना सांगायचं नाही. दुसरं, त्यांना सांगितलंय हे वहिनींना सांगायचं नाही. पहिलं मोडलं होतं की नव्हतं तेच मला कळत नव्हतं. घरी येऊन मी शिबिराच्या टिपणांत शोधलं. असल्या बाबतीत काही नव्हतं.

त्या संध्याकाळी अण्णा घरी म्हणाले म्हणे, "बाई म्हनत्यात जिभंवर गळू हाय. कापून घिऊन येऊ." वहिनी दुसऱ्या दिवशी माझ्या पाया पडायला आल्या. "बाई, तुमी गळू म्हनलात. येडाई पावली." मी नुसती मान हलवली. मान हलवण्याला खोटं म्हणतात का, यावर त्या वर्षी मी व्याख्यान दिलं नाही.

जीपमधून आम्ही तिघं सोलापूरला गेलो. वाटेत दोघं नवराबायको गळवावर बोलत होती. गळवाला काय चालतं, काय चालत नाही, कुणाच्या कुणाला गळू होऊन कसं बरं झालं. एवढ्या बारकाईनं, की मलाच क्षणभर वाटलं गळूच असेल. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर नुसती भेगाळलेली काळी जमीन.

वॉर्डात सर्जन आले. गडबडीचे, पण माणूस चोख. ऑपरेशनपूर्वी रोग्याची संमती घ्यायची असते, आणि ती रोग्याला समजून असली पाहिजे. त्यांनी विचारलं, "काका, कशाचं ऑपरेशन आहे ते माहीत आहे ना?"

"गळू," अण्णा म्हणाले.

"गळू," त्याच क्षणी वहिनी म्हणाल्या.

सर्जन माझ्याकडं बघायला लागले. मी छताकडं. छताला पंखा होता, तो बंद होता.

"डॉक्टर, यांना सांगितलेलं नाही? मग मी हात लावणार नाही."

आता अण्णा घाबरले. त्यांनी वहिनींची पाठ आहे असं बघून सर्जनकडं हात जोडले, डोळे मिचकावले, खालच्या आवाजात म्हणाले, "सायेब, गळू म्हना की. मला सगळं ठाव हाय. हिला ठाव न्हाय मला ठाव हाय म्हनून."

सभेतल्या अनुमोदनाच्या आवाजात कुजबुजलेलं वाक्य पलीकडच्या चार खाटांना ऐकू गेलं. वहिनी सावकाश वळल्या.

"काय ठाव हाय?"

अण्णा चादरीची घडी करायला लागले.

"कवापासनं ठाव हाय?"

"त्या... गाडीतळावर बाई आलत्या तवापासनं."

वहिनींनी मनात दिवस मोजलेले दिसले. "म्हंजे ठाव असून बी रोज मला शिरा कराय लावला व्हय? दुष्काळात? आन मी आपली पोरांच्या तोंडचं तूप काढून..."

"चांगला हुता गं," अण्णा म्हणाले.

त्या आधी हसल्या. मग रडल्या. मग त्यांनी अण्णांच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि सर्जन म्हणाले, संमती झाली असं समजतो. बाहेर व्हरांड्यात वहिनी मला म्हणाल्या, "बाई, तुमी वचन मोडलं म्हनता येत न्हाय. पन पाळलं बी न्हाय." मी म्हटलं, "मलाही तसंच वाटतं." त्यानंतर बरेच दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. माझा डबा मात्र कँटीनमधून वेळेवर यायचा.

जिभेचा तुकडा गेला, माणूस राहिला. सोलापूरला लाईट घेऊन, म्हणजे किरणांचा शेक घेऊन, अण्णा परत आले. तंबाखू सुटली. सायकल पुन्हा चालू झाली. बोलणं जाड झालं, पण कळायचं. माझी नात हल्ली डॉक्टरी शिकते. तिनं मला सांगितलं की आता हा विषय त्यांना परीक्षेला आहे, आणि त्यात लिहिलंय की वाईट बातमी देण्याआधी रोग्याला विचारावं, तुम्हाला कितपत ऐकायचंय? "आजी, तू तेच केलंस की!" म्हणाली. मी काही तेच केलं नव्हतं. मी ठराव रद्द करायला गेले होते.

पुढं पाऊस झाला, ऊस झाला, सर्वसाधारण सभा भरली. मोठा मांडव. जेवणाचा वास सुटलेला. चेअरमन साहेबांनी पहिला विषय घेतला, कुणीतरी "सूचना मांडतो" म्हणालं आणि सगळे सवयीनं त्या एका आवाजाची वाट बघायला लागले. आवाज येईना. चेअरमन साहेबांनी मान उंच करून बघितलं.

"नामदेव, अनुमोदन?"

अण्णा उठले. हात खालीच होता.

"आदी वाचून दाखवा," ते जड जिभेनं म्हणाले.

"काय वाचून दाखवा?"

"ठराव. आख्खा."

चेअरमन साहेबांनी मला शोधून काढलं, आणि असं बघितलं की मला डॉक्टरकीची सनद परत करावीशी वाटली. मग ठराव वाचला गेला. दुसराही. तिसराही. प्रत्येक वेळी अण्णा कान देऊन ऐकायचे, एकदोनदा "म्हंजे काय?" असं विचारायचे, आणि मगच हात वर करायचे. एकाला केलाच नाही. बायकांच्या बाजूला बसलेल्या शेवंता वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "बरुबर हाय."

हो म्हणण्याआधी कशाला हो म्हणतोय ते ऐकून घ्यावं, एवढंच ते सगळं एथिक्स. त्याला माझी तीन व्याख्यानं लागली आणि अण्णांच्या जिभेचा तुकडा.

सभा सुटेपर्यंत दुपार कलली. जेवण गार झालं होतं. दुसऱ्या दिवशी चेअरमन साहेबांचा निरोप आला की व्याख्यानमाला पुन्हा सुरू करायला हरकत नाही, विषय मात्र त्यांनी ठरवून दिला आहे. आमांश.